सीएनसीवर एकरेषी अक्षरं: ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ची पाटी करता करता

गोव्यात फोंड्याच्या आसपास गाडीच्या काचेवर, दाराच्या चौकटीवर, दुकानाच्या गल्ल्यामागे एक ओळ हमखास दिसते: ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’. कवळ्याची शांतादुर्गा इथल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. म्हणून कोणी नवा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर कटर फिरवून कोरणारं मशीन) घेतला की ओळखीतली पहिली पाटी बहुधा हीच येते, आणि सीएनसीवर देवनागरी शिकायला ती पुरेशी अवघडही आहे. श्री आहे, अनुस्वार आहे, रफार आहे, प्र आहे, न्न आहे. ही एक पाटी नीट जमली की पुढची पाटी करताना हात थरथरत नाही.

मी कुंडईला एका छोट्या शेडमध्ये काम करतो. इथे जे लिहितोय ते लाकडावरच्या एकरेषी अक्षरांपुरतं आहे. पितळ आणि अ‍ॅक्रिलिकचा उल्लेख जाता जाता येईल.

आधी एकरेषी म्हणजे काय ते

आपण संगणकावर जो फॉन्ट वापरतो त्यात अक्षराची रेघ नसते, तिचा काठ असतो. ‘प’च्या दंडाला डावा काठ आणि उजवा काठ, मध्ये भरलेला काळा रंग. नवशिका माणूस नाव टाइप करतो, टूलपाथमध्ये, म्हणजे कटरच्या वाटेसाठी, ‘रेषेवरून कापा’ निवडतो आणि मशीन चालू करतो. कटर दोन्ही काठांवरून फिरतो आणि अक्षर पोकळ निघतं, चण्याच्या सालासारखं. पहिल्या आठवड्यात हे प्रत्येकाचं होतं. माझं दोनदा झालं.

यावर बरेचजण व्ही-कार्व्हकडे वळतात. त्यात सॉफ्टवेअर दोन काठांमधलं अंतर मोजतं आणि कटर जाड जागी खोल, बारीक जागी उथळ नेतं. सुंदर काम, पण त्याला बंद आकार लागतो आणि वेळही लागतो. एकरेषी अक्षराची गोष्ट साधी आहे. पाटीवर पेन्सिल फिरते तसा कटर रेघेच्या मधोमध एकदा जातो. जाडी रेघेत नसते, ती कटर देतो, जशी बोरूची जाडी त्याच्या तासलेल्या टोकात असते.

देवळातल्या देणगीदारांची लांबलचक यादी, नाट्यस्पर्धेच्या ढाली, पॅनेलवरची लेबलं, घरांच्या साध्या पाट्या, जिथे अक्षरं लहान किंवा पुष्कळ असतात, तिथे एकरेषीच परवडतं. जाड-बारीक वळणाचं सुलेखन हवं असेल तर व्ही-कार्व्हच करा, एकरेषीवर जबरदस्ती करू नका.

अक्षर कुठून आणायचं

रोमन लिपीसाठी हा प्रश्न कधीच सुटलाय. अमेरिकन नौदलाच्या डालग्रेन इथल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन हर्शी यांनी १९६७ च्या सुमारास सरळ रेघांच्या तुकड्यांनी बनलेली अक्षरं तयार केली. रोमन, ग्रीक, सिरिलिक, अगदी जपानीसुद्धा. तीच आज इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हर्शी टेक्स्ट’ म्हणून मिळतात. ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्टही याच जातीचे. व्हेक्ट्रिकच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या खिडकीत ‘सिंगल लाइन’ असा वेगळा पर्याय असतो. घर नंबर किंवा इंग्रजी आडनाव हवं असेल तर तिथून घ्या आणि पुढे चला.

हर्शींच्या संचात देवनागरी नाही. म्हणजे आपली रेघ आपणच ओढायची. दोन वाटा आहेत.

एक, आपोआप मधली रेघ काढणं. इंकस्केप १.० पासून ‘ट्रेस बिटमॅप’मध्ये सेंटरलाइनचा पर्याय आहे. तो वापरून बघा, म्हणजे मी का नको म्हणतोय ते कळेल. दंड शिरोरेखेला मिळतो तिथे रेघ सरळ न जाता किंचित वाकते, फाट्याला इवलासा वाय तयार होतो, आणि एका ‘स’मध्ये शंभरेक नोड, म्हणजे रेघेला वळण देणारे बिंदू, येतात. पडद्यावर ठीक दिसतं. लाकडात शिरोरेखा सापासारखी दिसते.

दुसरी वाट हाताची: बारीक वजनाचा फॉन्ट खाली ठेवून त्यावर पेन टूलने गिरवायचं. पॉपिन्सचं थिन वजन किंवा मुक्ताचं एक्स्ट्रालाइट यासाठी छान. दोन्ही देवनागरीत आहेत, फुकट मिळतात आणि थिन वजनात काठ इतके जवळ असतात की मधली रेघ डोळ्यालाच दिसते. पूर्ण ओळ गिरवायला मला पहिल्यांदा पाऊण तास लागला. आता प्रत्येक गिरवलेलं अक्षर मी वेगळं जपून ठेवतो. वर्षभरात तुमचाही संच तयार होईल.

एक सावधगिरी. मजकूर थेट कॅम, म्हणजे टूलपाथ बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायला जाऊ नका. जुन्या आर्टकॅमसारख्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत; ‘प्र’चा ‘प्‌र’ होतो, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्ये बंद केलं, पण आपल्याकडच्या कितीतरी शेडमध्ये ते अजून चालतंच. म्हणून टाइप इंकस्केपमध्ये करा, गिरवा, आणि कॅमला फक्त रेघा द्या.

आणि गिरवण्याआधी गिऱ्हाइकाकडून ओळ लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. ‘शांतादूर्गा’ असा दीर्घ ऊ कोरलेली पाटी मी एका घराच्या गेटवर रोज बघतो. माझी नाही, पण वाचताना दर वेळी दात शिवशिवतात.

गिरवणं: सगळं काम इथेच

कागद मिलिमीटरमध्ये ठेवा. आपली पाटी ४५० बाय १२० मिलिमीटर धरू. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत ४० मिलिमीटर. वर वेलांटी आणि रफाराला साधारण १८, खाली उकाराला १५-१६ मिलिमीटर लागतात. म्हणजे उंचीत ७५ च्या आत सगळं बसतं आणि चारी बाजूंनी हवा राहते. नवशिके ४० मिलिमीटर ही उंची वेलांटीपासून मोजतात आणि मग अक्षर बारकं पडतं.

तीन आडव्या गाइड टाका: शिरोरेखा, पाया, आणि उकाराचं तळ. शिरोरेखेच्या गाइडला स्नॅप चालू ठेवा.

आता अक्षरं, लिहिताना हात जसा चालतो त्याच क्रमाने.

‘श्री’ची दीर्घ वेलांटी आणि काना ही एकच रेघ आहे. श्रच्या डोक्यावरून वर कमान, पलीकडे उतार, आणि थांबल्याशिवाय खाली पायापर्यंत काना. इथे दोन तुकडे केले तर कटर मध्येच उचलला जाईल आणि शिरोरेखेवर एक टिंब राहील. ‘र्गा’चंही तसंच: रफाराचं आकडं वरून सुरू करा, शिरोरेखेवर कान्याच्या डोक्याशी आणा, तिथूनच कान्यात उतरा.

‘शां’वरचा अनुस्वार रेघ नाही, तो ठिपका आहे. ५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्याचा टूलपाथ नंतर वेगळा करा. कटर एकदा टोचून काढलेला ठिपका कटरएवढाच होतो आणि लांबून दिसतच नाही.

‘दु’मध्ये द ची शेपटी आणि उकार एकमेकांना चिकटायला बघतात. फॉन्टमध्ये कसं आहे ते सोडा, तुम्ही मध्ये फट ठेवा. ‘प्र’ची तिरकी रेघ दंडाच्या मध्यावर नेमकी टेकवा. ‘न्न’मध्ये पहिल्या न ची आडवी मान दुसऱ्या न च्या गाठीला मिळते, ती एका दमात ओढा. ‘श’ मराठी वळणाचा आहे ना ते बघा. बरेच फॉन्ट श आणि ल हिंदी वळणाचे देतात, आणि आपण हातानेच गिरवत असल्यामुळे ते दुरुस्त करणं एका मिनिटाचं काम आहे. आपल्या ओळीत ल नाही, पण उद्या ‘महालक्ष्मी’ येईल तेव्हा लक्षात ठेवा.

आता शिरोरेखा. प्रत्येक अक्षराची वेगळी काढायची नाही. एका शब्दाला एक सलग रेघ. अक्षरागणिक तुकडे असले तर जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथे कटर दोनदा फिरतो, लाकूड काळवंडतं, अ‍ॅक्रिलिक वितळतं. अपवाद ध, भ आणि थ. यांच्यावर शिरोरेखा तुटायलाच हवी. जाड अक्षरात वाचणारा सांभाळून घेतो, पण एकरेषीत शिरोरेखा सरसकट ओढली तर ध चा घ आणि भ चा म होतो. ‘भगवती’ची ‘मगवती’ झालेली कोणाला आवडेल?

दंड कुठे सुरू करायचा यावर नवशिके फार अडखळतात. उत्तर: शिरोरेखेच्या बरोबर मधल्या रेघेवर, ना वर ना खाली. कारण साधं आहे. कटर ३ मिलिमीटर रुंद असेल तर तो रेघेच्या टोकाला दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतो. दंड मध्यरेषेवर सुरू झाला तर ती गोलाई शिरोरेखेच्या वरच्या काठाला अगदी टेकते आणि दिसत नाही. अर्धा मिलिमीटर वर सुरू केलात तर वरच्या काठावर तेवढाच फुगा येतो. सहा दंडांचे सहा फुगे, आणि पाटी पाहणारा माणूस काय बिघडलंय ते न सांगता तोंड वाकडं करतो.

शेवटी सगळ्या रेघा निवडून नोड तपासा. सरळ दंडाला दोन नोड पुरेत, गाठीला चार-पाच. जिथे एकच रेघ असायला हवी तिथे टोकं जोडा आणि एकावर एक पडलेल्या दुबार रेघा काढून टाका. दुबार रेघ डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसते.

कॅममध्ये नेताना

एसव्हीजी किंवा डीएक्सएफ, दोन्ही चालतं. फक्त माप तपासा. इंकस्केपने ०.९२ पासून एका इंचाला ९६ पिक्सेल धरले, त्याआधी ९० होते. काही सॉफ्टवेअर अजून जुनंच गणित धरतात आणि मग ३५० मिलिमीटरची ओळ ३७३ होते किंवा ३२८. म्हणून मी चित्रात नेहमी एक १०० मिलिमीटरची आडवी रेघ ठेवतो. कॅममध्ये उघडल्यावर आधी ती मोजतो आणि मग पुसतो.

कटर आणि खोली

व्ही-बिट म्हणजे टोकाकडे निमुळता कटर. त्याने कोरलेल्या रेघेची रुंदी खोलीवर ठरते. रुंदी म्हणजे टोकाची चपटी जाडी, अधिक खोलीच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. डोक्यात ठेवायला सोपं: ९० अंशाचा बिट खोलीच्या दुप्पट रुंद कापतो, ६० अंशाचा साधारण १.१५ पट, ३० अंशाचा जेमतेम निम्मा. त्यात टोकाची जाडी मिळवा. ती बहुतेक बिटना ०.१ किंवा ०.२ मिलिमीटर असते.

यातच गोम आहे. पाटी वाकडी असेल तर खोली बदलते आणि खोलीबरोबर अक्षराची जाडीही. ९० अंशाच्या बिटने ०.५ मिलिमीटर खोल कोरताना फळी एका टोकाला ०.२ मिलिमीटर वर असेल तर तिथली रेघ १ ऐवजी १.४ मिलिमीटर होते. ‘श्री’ जाड आणि ‘प्रसन्न’ कृश. पितळेवर ०.२ मिलिमीटरने काम करताना तर कागदाएवढा फरकही दिसतो.

आणि गोव्याचा पावसाळा म्हणजे फळी वाकणारच. जुलैत साग सोडा, फणसही एका रात्रीत कूस बदलतो. म्हणून लाकडावरच्या पहिल्या पाटीसाठी मी व्ही-बिट सांगतच नाही. ३ मिलिमीटरचा बॉल नोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, घ्या आणि २ मिलिमीटर खोल जा. बॉल नोजची रुंदी फक्त त्रिज्येएवढ्या खोलीपर्यंत वाढते. दीड मिलिमीटरच्या पुढे ती ३ मिलिमीटरच राहते. मग फळी तीन-चार दशांश मिलिमीटर वर-खाली असली तरी अक्षराची जाडी हलत नाही. ४० मिलिमीटरच्या अक्षराला ३ मिलिमीटरची रेघ डोळ्याला बरी दिसते. त्याहून लहान अक्षर हवं असेल तर कटरही लहान घ्या. माझा अंदाज असा: अक्षराच्या पोटातली सगळ्यात अरुंद फट रेघेच्या दीडपट तरी असावी, नाहीतर ‘ष’चं पोट गच्च भरतं.

टूलपाथ

पर्यायाचं नाव सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं: ‘प्रोफाइल’मध्ये ‘ऑन’, किंवा ‘एनग्रेव्ह’. पॉकेट आणि व्ही-कार्व्ह उघड्या रेघांवर चालत नाहीत, ते शोधत बसू नका. कटर दोन्ही बाजूंनी लाकूड कापत असल्यामुळे उजवी-डावी दिशा, क्लाइंब की कन्व्हेन्शनल, याची इथे चिंता नाही.

भरायचे आकडे, साग आणि २ फ्लूटच्या (दोन धारांच्या) कार्बाइड बॉल नोजसाठी:

- खोली २ मिलिमीटर, दोन पासमध्ये, प्रत्येकी १.
- स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) १८,००० आरपीएम.
- फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग: आरपीएम गुणिले फ्लूट गुणिले दर फ्लूटचा छिलका. १८,००० × २ × ०.०३ म्हणजे मिनिटाला १,०८० मिलिमीटर. मी १,००० लिहितो. हलक्या डेस्कटॉप मशीनवर ७०० पासून सुरू करा.
- खाली शिरण्याचा वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर.
- सेफ झेड, म्हणजे एका रेघेवरून दुसरीकडे जाताना कटर उचलायची उंची: क्लॅम्पच्या बोल्टच्या वर.

शेवटचा मुद्दा मी ५ मिलिमीटर लिहून शिकलो. क्लॅम्पचा बोल्ट १८ मिलिमीटर उंच होता. कटर ‘श्री’वरून ‘शां’कडे झेपावताना वाटेत तो भेटला. कटरचा तुकडा समोरच्या पत्र्यावर जाऊन वाजला. गॉगल होता म्हणून हे हसत लिहितोय.

फीड वाढवून वेळ वाचवायचा मोह आवरा. अक्षरात वळणं जवळजवळ असतात. माक थ्रीसारखा कंट्रोलर (फाइल वाचून मशीन चालवणारा) वेग टिकवायला कोपरे गोल करतो, आणि जीआरबीएलवर नोड खूप असतील तर मशीन अडखळत चालतं आणि जागोजागी लाकूड जळतं. ओळीत सगळ्या रेघा मिळून दोनेक मीटर भरतात. दोन पासचे चार मीटर, म्हणजे कापायला चार मिनिटं आणि उचलण्या-टेकवण्याची एक-दोन. एवढ्यात काय वाचवणार?

टूलपाथ तीन करा. पहिला अक्षरांचा, डावीकडून उजवीकडे. दुसरा अनुस्वाराचा; त्या वर्तुळाला ‘आतून’ प्रोफाइल किंवा पॉकेट. ५ मिलिमीटरच्या वर्तुळात ३ चा कटर फिरतो तेव्हा मध्ये काही उरत नाही. तिसरा शिरोरेखेचा, सगळ्यात शेवटी. दंडांच्या डोक्याशी जो बारीक भुसा आणि तंतू उभे राहतात ते शिरोरेखेचा कटर जाता जाता साफ करतो. माझ्या ओळखीचे चारी आडनावाचे एक कारागीर शिरोरेखा आधी मारतात. त्यांचं काम माझ्याहून सुबक असतं, पण मला हा क्रम मानवतो.

पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग, आपल्या कंट्रोलरचा निवडा आणि मिलिमीटरचाच. फाइल नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीला जी-२१ आणि जी-९० आहेत का ते बघायची सवय लावा. पहिलं मिलिमीटर सांगतं, दुसरं सगळी मापं झीरोपासून, म्हणजे आपण ठरवलेल्या आरंभबिंदूपासून, धरायला सांगतं. पुढेमागे पितळेवर डायमंड ड्रॅग बिट वापराल तेव्हा स्पिंडल सुरू करणारी एम-३ ची ओळ काढून टाका. तो बिट नुसता ओढायचा असतो, फिरवायचा नसतो.

मशीनवर

फळी शेडमध्ये निदान दोन दिवस तशीच पडू द्या. मग दोन बाजूंच्या चिकट टेपने किंवा क्लॅम्पने बसवा. एक्स-वायचा झीरो मी फळीच्या मधोमध घेतो, म्हणजे फळी दोन मिलिमीटर लहान निघाली तरी ओळ मध्येच राहते. झेडचा झीरो फळीच्या वरच्या पृष्ठभागावर; रंगासाठी आधी सीलर आणि टेप लावली असेल (खाली ‘रंग’ बघा) तर टेपवर. टच प्लेट (कटर टेकल्याचं मशीनला कळवणारी पट्टी) नसेल तर कागद ठेवून हळूहळू खाली या. कागद सरकताना अडला की थांबा. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, बॉल नोजला त्याने काही फरक पडत नाही, पितळेवर पडतो. हा झीरो चारही कोपऱ्यांवर तपासा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फळी रंध्यावर परत न्या.

झेड १० मिलिमीटर वर घेऊन एकदा हवेत फाइल चालवा. हात इमर्जन्सी बटणावर, डोळे क्लॅम्पवर.

वीज गेली की मशीन आपली जागा विसरतं, आणि पावसात आमच्याकडे वीज सांगून जात नाही. म्हणून ओळीच्या बाहेर, जिथे कोरायचं नाही अशा मोकळ्या भागात, पेन्सिलने बारीक फुली मारा, कटर तिथे नेऊन पडद्यावरचे एक्स-वायचे आकडे लिहून ठेवा. वीज आल्यावर कटरचं टोक त्या फुलीवर आणून तेच आकडे भरा, झेडचा झीरो पुन्हा घ्या आणि फाइल पहिल्यापासून चालवा. कापलेल्या खाचेतून कटर रिकामा फिरेल, काही बिघडत नाही. फुलीशिवाय अंदाजाने झीरो घेतलात तर प्रत्येक अक्षराला सावली पडेल.

रंग

कोरण्याआधीच फळीला सँडिंग सीलरचे दोन हात द्या. नाहीतर खाचेतला रंग सागाच्या रेषांतून बाहेर पाझरतो आणि अक्षराला केस फुटतात. सीलर वाळला की वर व्हिनाइल किंवा रुंद मास्किंग टेप घट्ट दाबून लावा, झेडचा झीरो टेपवर घ्या आणि टेपसकट कोरा. खाच ब्रशने झाडा, रंग भरा. काळा किंवा कुंकवाचा लाल, आमच्याकडे लालच जास्त चालतो. दोन पातळ हात, एक जाड हात नको.

रंग हाताला चिकटेनासा झाला, पण अजून कडक झाला नाही, तेव्हा टेप काढा. शिरोरेखेच्या दिशेने ओढा, उभी नाही. उभी ओढली तर दंडांच्या मधले बारीक तुकडे तुटून तिथेच राहतात आणि मग संध्याकाळभर चिमटा घेऊन बसावं लागतं.